ढाकणाच्या आतली सही

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, "घड्याळजीच्या नजरेतून काळ." मी म्हटलं, काळाबद्दल मला काही कळत नाही, घड्याळाबद्दल कळतं. काळावर लिहायला तुमच्याकडे कवी असतील. मी मशीन उघडतो, धुतो, तेल देतो, बंद करतो. ते हसले आणि म्हणाले, "मग तेच लिहा."

तर तेच लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, मोबाईल आले आणि आमचा धंदा बुडाला हे रडगाणं यात मिळणार नाही. डहाणू रोड स्टेशनजवळच्या गल्लीत माझं सहा फूट बाय चार फुटांचं दुकान आहे आणि ते आजही सकाळी साडेनऊला उघडतं. ते बुडवायचा एक प्रयत्न मात्र झाला. थोडा दुसऱ्याने केला, थोडा मी स्वतःच केला. त्याचीच ही हकीकत.

मी तलासरी तालुक्यातल्या वेवजीचा. आमच्याकडे पोरगं शाळेत मराठी शिकतं, बाजारात गुजराती शिकतं आणि घरातली बोली शिकलेलीच असते. भाताची थोडी शेती होती, ती भावांना पुरत नव्हती, म्हणून विशीत मी डहाणू रोडला आलो आणि दामोदर उस्तादांच्या टेबलापाशी बसलो. ते नरपडचे. त्यांना सगळा बाजार उस्तादच म्हणायचा. मामलेदार कचेरीतले साहेबसुद्धा. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, मग माझं दुकान टाकलं. पुढे काही वर्षांनी ते वारले. काकी, म्हणजे त्यांची बायको, नरपडलाच राहते.

आमच्या कामात लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात, सेल टाकणं आणि पट्टा बदलणं. ही कामं मी करतो, लाज वाटत नाही. पण ते म्हणजे सुताराने खिळा ठोकण्यासारखं आहे. खरं काम चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांचं. तिथे शंभरावर भाग सुटे करून पुन्हा जोडायचे असतात, आणि जोडून झाल्यावर एकही उरता कामा नये. नरपडच्या एका तांडेलाने पाच वर्षं मासेमारीला वापरलेलं घड्याळ आणून दिलं होतं. उघडलं तर आत मीठ. मी म्हटलं, "दादा, हे साफ करायचं का सुकट म्हणून विकायचं?" तो म्हणाला, "त्याच्यावर वॉटरप्रूफ लिवलंय, मग चूक त्याची." मी ते चालू करून दिलं. आजही चालतंय.

दुसरं काम पॉलिशचं. त्यात सगळ्यांचा एक गैरसमज असतो. लोकांना वाटतं, पॉलिशने ओरखडा भरून निघतो. ओरखडा भरत नसतो. ओरखड्याच्या आजूबाजूचं पोलाद घासून त्याच्या पातळीला आणायचं, मग ओरखडा दिसत नाही. म्हणजे प्रत्येक पॉलिशला घड्याळ थोडं कमी होतं. म्हणून शहाणा कारीगर कमीत कमी घासतो आणि अडाणी कारीगर गिऱ्हाईक खूश होईपर्यंत घासतो.

मीही अडाणीपणा केलेला आहे. २०१४ साली एका बँक मॅनेजरांनी स्विस घड्याळ दिलं. महागाच्या घड्याळात काही भाग आरशासारखा असतो आणि काही भाग मुद्दाम मंद ठेवलेला असतो, त्यावर एका दिशेने बारीक रेघा असतात. मला तेव्हा ते जुनेपण वाटलं. मी बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून सगळं आरसा केलं. साहेब खूश. आठवड्याने परत आले, तोंड एवढंसं. त्यांचा मुंबईचा भाऊ म्हणाला होता, "हे काय, दिवाळीला भांडं घासल्यासारखं केलंय." मी त्यांची माफी मागितली. मग जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, त्यावर घड्याळ एका दिशेने, एका दमात ओढून त्या रेघा परत आणायला शिकलो. त्याला तीन महिने लागले. स्वतःची दोन घड्याळं खराब केली, पण शिकलो. आज डहाणूपासून गुजरातच्या सीमेपर्यंत हे काम माझ्याइतकं नीट कोणी करत नाही. गर्वाने म्हणतोय असं वाटेल, तर वाटू द्या.

आता किरीटशेठ. वाडी चिकूची, सीमेपलीकडे एक छोटा कारखाना, माणूस बोलायला मोकळा. २०१६च्या थंडीत ते स्वतः दुकानात आले. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं.

"जो, बघ सुदाम, मुलीचं लग्न आहे. हे घड्याळ मी जावयाला देणार. माझ्या बापूजींना त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं. आमच्या घरात आता ती रीतच समज."

घड्याळ अव्वल होतं. पण वाडीच्या लोखंडी फाटकाची कडी रोज तिथेच घासून एका कडेला ओरखड्यांचं जाळं झालं होतं, आणि दिवसाला सात-आठ मिनिटं मागे पडत होतं.

"कंपनीकडे का नाही देत शेठ?"

"ते बोलतात तीन महिने. लग्न काय तीन महिने थांबणार? तू कर. एकदम नवं पाहिजे. आणि हां, सगळा माल ओरिजिनल आहे. आजपर्यंत कोणी उघडलेलं नाय, बापूजींनी कोणाला हात लावू दिला नाय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

शेठ निघून गेले. मी डोळ्याला आयग्लास लावला आणि ढाकण उघडलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ती माहीत नसते. घड्याळजी घड्याळ उघडतो तेव्हा ढाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने आपली बारीक खूण कोरतो. नावाचं पहिलं अक्षर, महिना, साल. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते. पन्नास वर्षांपूर्वी कोणी कुठे हात घातला ते तिथे वाचता येतं. ज्याला आपण कधी भेटलो नाही अशा माणसाची सही वाचून त्याचं काम पारखता येतं. उस्ताद म्हणायचे, "गिऱ्हाईक फसेल, पुढचा घड्याळजी फसणार नाही. त्याच्यासाठी काम कर."

कोणी कधी न उघडलेल्या त्या घड्याळाच्या ढाकणात सही होती. 'दा', खाली एक टिंब, महिना आणि साल. ती सही मी अकरा वर्षं रोज पाहिली होती. जगात कुठेही ओळखली असती.

मी मशीन सुटं केलं. घड्याळात एक चाक सतत पुढेमागे हलत असतं, त्याला आम्ही बॅलन्स म्हणतो. त्याचा कणा म्हणजे स्टाफ. तांदळाच्या कणीएवढा पोलादी तुकडा, दोन्ही टोकं केसाएवढी. घड्याळ जोरात पडलं तर पहिली ती टोकं तुटतात. त्या घड्याळातला स्टाफ कंपनीचा नव्हता. खांद्याजवळचा उतार जरासा वेगळा होता आणि आयग्लासखाली हत्याराची एक पुसट रेघ दिसत होती. तो हाताने, लेथवर घडवलेला होता.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. मनात आलं, उस्तादांनी फसवलं. शेठ म्हणतात कोणी उघडलं नाही, म्हणजे घरच्यांना पत्ताच नाही. परदेशी घड्याळात हातचा भाग बसवायचा तर गिऱ्हाइकाला सांगून बसवायचा, हा नियम मला ज्यांनी शिकवला त्यांनीच तो मोडला. ओरिजिनल सांगून हातचा बसवला. मी खुर्चीत मागे टेकलो. चहा आला होता, तो तसाच गार झाला. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त भीती वाटली. उद्या हे घड्याळ मुंबईच्या कोणा कारीगराने उघडलं, ही सही वाचली आणि हा स्टाफ पाहिला तर? डहाणूत विचारत आला तर? उस्तादांचं नाव बाजारात अजून घेतलं जायचं, कानाच्या पाळीला हात लावून घेतलं जायचं.

नियमाप्रमाणे मी शेठना फोन करायला हवा होता. "आत असं असं आहे, येऊन बघून जा," एवढंच. त्याऐवजी मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि ढाकणाच्या आतून ती सही घासली. सात-आठ वेळा हात फिरवला, मग बफ मारला. उस्ताद गेले. आणि त्या स्वच्छ झालेल्या जागेवर सवयीने मी माझी सही कोरली. 'सु', महिना, साल.

बाकी काम मात्र मी जीव ओतून केलं, हे शत्रूनेही मान्य करावं. स्टाफ उत्तम चालत होता, त्याला हात लावायचं काही कारण नव्हतं. घड्याळ मागे पडत होतं ते सुकलेल्या तेलामुळे. सगळं धुतलं, तेल दिलं, सहा स्थितींत ठेवून वेळ जुळवली. ओरखडे घालवताना कडांची धार जाऊ दिली नाही, मंद भागावर रेघा परत काढल्या. शेठनी घड्याळ उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "सुदाम, तू तर जादू केलीस." लग्नात मला जेवायला बोलावलं. व्याह्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे घड्याळवाले." मी खाली मान घालून श्रीखंड खाल्लं. लाजत होतो असं सगळ्यांना वाटलं असेल.

पुढच्या वर्षी, चिकूचा हंगाम ऐन भरात असताना, शेठची गाडी दुकानासमोर थांबली. मध्ये काय घडलं ते त्यांच्या ओरडण्यातूनच कळलं. जावयाने ते घड्याळ मुंबईत तपासायला दिलं होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, बाहेर पॉलिश झालेलं आहे, आणि आतला एक भाग डुप्लिकेट आहे. ढाकणात एकच सही, तीही ताजी.

"माझा ओरिजिनल माल काढलास तू!" शेठ गाडीतून उतरले ते ओरडतच. "व्याह्यांसमोर नाक कापलं माझं! जावयाला डुप्लिकेट दिलं असं बोलतात ते लोक!"

शेजारचा चपलावाला बाहेर आला. समोरचा झेरॉक्सवाला आला. स्टेशनकडे निघालेली माणसंही थांबली. बघ्यांना गाडीची घाई नसते.

मी उठून उभा राहिलो. "शेठ, मी काहीही काढलेलं नाही."

"मग तो पार्ट कोणी घातला?"

ते उत्तर माझ्या तोंडात होतं. एक नाव उच्चारलं असतं की मी सुटलो असतो आणि त्याच क्षणी उस्ताद बाजारात चोर ठरले असते. आणि पुरावा विचारला असता तर काय दाखवणार होतो? पुरावा मीच घासला होता. तिथे माझी सही होती.

"मी घातलेला नाही," एवढंच म्हणालो.

"असला पार्ट हाताने बनतो?"

"बनतो. पण शेठ, त्याला काय लागतं माहीत आहे? महिनाभर बसलं तरी एक नीट होत नाही. डोळा लागतो, हात लागतो…"

"तुला येतो बनवायला?"

आता खरं तर इथे नाही म्हणायचं. कोणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण अकरा वर्षं खपून शिकलेली विद्या चार लोकांत येत नाही म्हणून सांगायची, हे माझ्याच्याने झालं नाही.

"येतो," मी म्हणालो.

"बस!" शेठ गर्दीकडे वळले. "ऐकलंत? स्वतःच बोलला."

मग ते म्हणाले, लिहून माफी माग, नाहीतर पोलीस स्टेशनला नेतो. मी म्हटलं, "चला." आयग्लास खणात ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि पोलीस स्टेशनच्या रस्त्याला लागलो. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं तर शेठ जागेवरच उभे होते आणि त्यांचा ड्रायव्हर प्रकाश गाडीचं दार धरून जमिनीकडे बघत होता. मी तिथूनच ओरडलो, "येताय ना शेठ? का मी एकटाच जाऊन सांगू, की मी चोर आहे आणि तक्रारदार येत नाहीये?" दोन-चार लोक हसले. शेठ गाडीत बसून निघून गेले. माफी मी लिहून दिली नाही. आजतागायत नाही.

पण गावात बोलणं व्हायचं ते झालंच. एक मास्तर यायचे, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी घड्याळ दिलं आणि म्हणाले, "मी इथे बसतो हं जरा, घाई नाही." दोन तास बसले. माझ्या चिमट्यावरची नजर हलवली नाही. माणूस सभ्य म्हणून तोंडाने काही बोलले नाहीत. काही गिऱ्हाइकं वापीला जायला लागली. बायको म्हणाली, "सांगून टाका ना कोणी घातला तो. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी तिच्यावर चिडलो. फरक कसा पडत नाही? मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हाच तर फरक.

मी काय केलं, तर टेबल आतून काढून पार पुढे, रस्त्याच्या कडेला आणलं. मध्ये काच होती ती काढून टाकली. पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहून लावलं, 'घड्याळ तुमच्यासमोर उघडले जाईल. बसायला स्टूल आहे.' चपलावाला म्हणाला, धूळ जाईल आत. मी म्हटलं, धूळ साफ करता येते. तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर ढाकण उघडतो, भिंग त्याच्या हातात देतो आणि आतल्या सह्या वाचून दाखवतो. हा मुंबईचा कोणी, हा सुरतचा कोणी, हा मी. लोकांना त्याची मजा वाटायला लागली. तलासरीहून एक ग्रामसेवक नुसतं सही बघायला वडलांचं घड्याळ घेऊन आला होता. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. मास्तरही आले, यावेळी स्टुलावर बसले नाहीत, घड्याळ ठेवून बाजाराला गेले. पण स्टूल मी हलवलं नाही.

२०१८च्या पावसाळ्यानंतर एक दिवस प्रकाश ड्रायव्हर एकटाच स्कूटरवर आला. खिशातून प्लॅस्टिकची नखाएवढी पुडी काढून टेबलावर ठेवली.

"जावयांनी घड्याळ कंपनीकडून करून घेतलं. जुना पार्ट कंपनी परत देते. शेठ बोलले, त्याला नेऊन दे, त्याचा डुप्लिकेट माल त्याच्याकडे राहू दे." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला बोलायला सांगितलं तेवढं बोललो सुदामभाऊ. मनावर घेऊ नका."

मी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर पुडी फोडली आणि स्टाफ भिंगाखाली ठेवला.

त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. २०१६मध्ये पाहिला होता तो घाबरलेल्या डोळ्यांनी. आता दोन्ही टोकं पाहिली. इतकी वर्षं चालूनही ती गोल होती, काचेसारखी चकचकीत, कुठे झीज नाही. खांदा, जिथे तो चाकाखाली झाकला जातो आणि कोणा माणसाला कधी दिसत नाही, तिथेही पॉलिश केलेलं होतं. मी माझे घडवलेले स्टाफ खणातून काढून शेजारी ठेवले. उस्तादांच्या स्टाफजवळ जाणारा एकही नव्हता. फसवणारा माणूस न दिसणाऱ्या जागी एवढा खपत नाही. आणि फसवणारा माणूस सही कशाला करेल? चोर कधी नाव लिहून जातो का? हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी, पेपर हातात घेण्याआधी, मला पडायला हवा होता. दुकानात बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला वाटलं, भाग धुवायचं बेंझीन डोळ्यांत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून नरपडला गेलो. काकी ओटीवर बसून तांब्यातलं पाणी शेवग्याच्या शेंगांवर शिंपडत होती. मी पुडी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. सही घासल्याचंही सांगितलं.

काकीने पुडी डोळ्यांजवळ नेली, तिला अर्थातच काही दिसलं नाही. पण शेठच्या बापूजींचं नाव ऐकताच ती म्हणाली, "तो चिकूवाला होय? आठवतो की. याच ओटीवर येऊन बसायचा. रोज यायचा बघ, आठ-दहा दिवस. घड्याळ पडलं होतं त्याच्या हातून, विहिरीच्या दगडावर. सासऱ्याने लग्नात दिलेलं. रडायचा बाकी होता. बाहेरचा माल तेव्हा मिळत नव्हता. हे म्हणाले, मी घडवतो, पण तो कंपनीचा नसेल. तो म्हणाला, काहीही करा उस्ताद, फक्त घरात कळू देऊ नका, सासरी तर नाहीच. ह्यांनी शब्द दिला. मला पण कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. आज तू विचारलंस म्हणून सांगते."

म्हणजे गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. नियम पाळला होता. गप्प राहिला तो गिऱ्हाईक, आणि त्याचं गुपित राखलं ते उस्तादांनी. मी उसळलो. "काकी, आणि त्या माणसाच्या मुलाने मला भर बाजारात चोर म्हटलं! एवढी वर्षं ओळखतो मला. एकदा विचारलं नाही, की सुदाम, काय झालं खरं? एका क्षणात चोर ठरवलं!"

काकीने तांब्या खाली ठेवला.

"तू किती वर्षं होतास ह्यांच्याजवळ?"

"अकरा."

"त्यांना चोर ठरवायला तुला किती वेळ लागला?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती.

"चहा गार झाला तेवढा वेळ," मी म्हणालो.

"मग त्या शेठला कशाला बोलतोस," ती म्हणाली आणि उठून आत गेली. थोड्या वेळाने तिने मला भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी जेवलो. निघताना पुडी तिने परत माझ्याच हातात दिली.

शेठकडे जाऊन त्यांच्या बापूजींची गोष्ट सांगावी आणि नाक वर करून परत यावं, असं मनात पुष्कळदा आलं. रस्त्यात ते समोरून गेले की तर फारच. बायको आजही म्हणते, सांगा. पण तो शब्द उस्तादांनी दिलेला आहे. त्यांचं एक काम मी घासून टाकलं, आता दुसरं मोडणार नाही. शेठनी मला चोर म्हणायचं तर खुशाल म्हणावं. मी मान खाली घालणार नाही, टेबल रस्त्यावरून आत घेणार नाही.

राहिली ती सही. ते ढाकण आता माझ्या हाती कधीच येणार नाही. तिथे माझं अक्षर आहे, आणि पुढचा कोणी घड्याळजी ते वाचून काय समजायचं ते समजेल. म्हणून संपादकांना हा लेख दिला. शेठचं नाव यात बदललं आहे, त्यांच्या वडिलांना दिलेल्या शब्दाखातर. ड्रायव्हरचं बदललं आहे, त्याच्या नोकरीखातर. माझंही बदललं आहे, कारण घरच्यांनी हट्ट धरला. एकच नाव आहे तसं ठेवलंय, आणि छापलेलं मला घासता येणार नाही. तो स्टाफ दामोदर उस्तादांनी घडवला, नरपडला, स्वतःच्या हाताने, गिऱ्हाइकाला सांगून.